पाच घरे, सहा डाव

सकाळी सहाला दूधवाला बेल वाजवतो तेव्हा आमच्या घरातली दोन्ही माणसे जागी असतात. पण दार कोणीच उघडत नाही. स्वयंपाकघरात ओट्याला टेकून आमचे कुटुंब उभे असते. शेगडीवर चहाचे आधण असते. बाहेरच्या खोलीत आरामखुर्चीत मी असतो. दोघांच्या हातांत मोबाइल आणि दोघांच्या कपाळाला आठ्या.

"अहो, दूध आलंय!" आतून आवाज येतो.

"माझा चौथा चाललाय. तू घे ना!"

"माझा पाचवा चाललाय. आणि चहा उतू चाललाय!"

दूधवाल्याला आता सवय झाली आहे. तो पिशवी कडीला अडकवतो आणि मुकाट्याने पुढे जातो. एखाद्या नव्या माणसाच्या कानांवर हा संवाद पडला, तर भल्या सकाळी या घरात काय मोजून चालले आहे, याविषयी त्याचा भलताच समज व्हायचा!

वाचकहो, हा चौथा आणि पाचवा म्हणजे 'वर्डल' नावाच्या इंग्रजी शब्दकोड्यातले डाव. तुमच्यापैकी अनेकांच्या घरी हा पाहुणा आधीच येऊन राहिला असेल. ज्यांच्याकडे आलेला नाही त्यांच्यासाठी त्याची ओळख थोडक्यात करून देतो. कुठलासा एक पाच अक्षरी इंग्रजी शब्द दडवून ठेवलेला असतो. तो सहा डावांत ओळखायचा. प्रत्येक डावात आपण एक खरा पाच अक्षरी शब्द घालायचा आणि मग घरांना रंग चढतात. अक्षर बरोबर आणि जागाही बरोबर असेल तर हिरवा; अक्षर शब्दात आहे पण जागा चुकली तर पिवळा; अक्षरच नसेल तर करडा.

समजा, आपण पहिल्या डावात 'क्रेन' हा शब्द घातला, म्हणजे सी, आर, ए, एन, ई. आणि दडलेला शब्द आहे 'हार्ट', म्हणजे काळीज. तर मधला 'ए' हिरवा होईल. 'आर' आणि 'ई' पिवळे होतील, कारण ते आहेत, पण भलत्या ठिकाणी. 'सी' आणि 'एन' करडे. झाले! नियम संपले. पाच वर्षांच्या पोराला कळावेत इतके सोपे. आणि तरीही सत्तरीच्या माणसाचा चहा निवावा इतके अवघड.

दिवसाला शब्द एकच. सर्वांना तोच. आपापल्या घड्याळात रात्रीचे बारा वाजले की नवा शब्द उघडतो. सुटला तर उद्यापर्यंत थांबा, फसला तरी उद्यापर्यंत थांबा.

एकाने एकीसाठी केलेला खेळ

या कोड्याची जन्मकथा कोड्याइतकीच साधी आहे. वेल्समध्ये जन्मलेला आणि न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागात राहणारा जॉश वॉर्डल हा संगणकाचे काम करणारा गृहस्थ. त्याने 2013 साली या खेळाचा कच्चा आराखडा करून ठेवला होता आणि तो बाजूला पडला होता. पुढे महामारीच्या काळात घरात कोंडून पडल्यावर तो आणि त्याची सहचरी पलक शाह ही दोघे वर्तमानपत्रांतली शब्दकोडी सोडवू लागली. तिला अशा खेळांची आवड. म्हणून त्याने जुना आराखडा बाहेर काढला आणि तिच्यासाठी हा खेळ पुरा केला. नावातही कोटी आहे. स्वतःच्या 'वॉर्डल' या आडनावावरून त्याने 'वर्डल' असे बारसे केले.

इंग्रजीत पाच अक्षरी शब्द सुमारे 12,000 निघतात. पण त्यांतले निम्म्याहून अधिक शब्द कोणी जन्मात ऐकलेले नसतात. तेव्हा ओळखीचे कोणते आणि अनोळखी कोणते, हे ठरवण्याचे काम पलक शाह हिने केले आणि यादी अडीच हजारांच्या आसपास आणून ठेवली. खेळाचे अर्धे यश या निवडीत आहे, असे मला वाटते. धान्य निवडणाऱ्याचे नाव जेवणाऱ्याला कळत नाही, पण दाताखाली खडा येत नाही याचे श्रेय त्याचेच असते.

ऑक्टोबर 2021 मध्ये हा खेळ सर्वांसाठी खुला झाला. 1 नोव्हेंबरला तो खेळणारे 90 जण होते. 2 जानेवारी 2022 ला हा आकडा 3 लाखांच्या वर गेला होता, आणि त्यानंतर आठवडाभरात 20 लाखांच्या पुढे. त्याच जानेवारीच्या 31 तारखेला 'न्यूयॉर्क टाइम्स' या वृत्तपत्राने तो दहा लाख डॉलरांहून अधिक रक्कम मोजून विकत घेतला. प्रेमाने केलेल्या भेटीचे असे मोल क्वचितच कोणाला मिळाले असेल!

तीन पंथ

आता मुख्य मुद्द्याकडे येतो. पहिला शब्द कोणता घालावा, यावरून आमच्या जिन्यात तीन पंथ पडले आहेत.

शेजारचे निवृत्त पोस्टमास्तर स्वरपंथी आहेत. ते रोज न चुकता 'अ‍ॅड्यू' हा शब्द घालतात. त्याच्या स्पेलिंगमध्ये 'ए', 'आय', 'ई', 'यू' असे चार स्वर एका फटक्यात येतात. "स्वर सापडले की व्यंजने कुठे जातात?" हा त्यांचा लाडका सिद्धान्त. ऐकायला तो फार गोड लागतो. अडचण एवढीच, की 'ए' किंवा 'ई' हे अक्षर नसलेला इंग्रजी शब्द शोधावाच लागतो. शब्दात 'ई' आहे असे कळले तर आपल्याला फारसे काही कळलेले नसते. मंडईत हरवलेल्या माणसाचे वर्णन "त्याला दोन डोळे होते" असे देण्यापैकीच हा प्रकार! माणूस ओळखू येतो तो नाकावरून, चालीवरून. इंग्रजी शब्दांत हे काम एस, टी, आर, एल, एन, सी ही व्यंजने करतात.

दुसरा पंथ माझा. मी रोज मनात येईल तो शब्द घालीत असे. माझा भरवसा दैवावर. एक दिवस पहिल्याच डावात पाचही घरे हिरवी होतील आणि मी ती पोस्टमास्तरांना दाखवीन, हे माझे स्वप्न होते. ते अद्याप स्वप्नच आहे.

तिसरा पंथ घरातच आहे. आमची मंडळी पहिल्या डावाला 'स्लेट' घालतात. शाळेतल्या पाटीवरून तिला तो शब्द सुचला आणि तिने तो सोडला नाही. पुढे गंमत अशी झाली, की न्यूयॉर्कच्या त्या वृत्तपत्राने आपला डाव तपासून देणारा एक यांत्रिक पंतोजी एप्रिल 2022 मध्ये आणला. त्याने प्रथम 'क्रेन' हा शब्द उत्तम ठरवला आणि नंतर मत बदलून 'स्लेट'ला मान दिला. त्या दिवशी आमच्या घरी शिरा झाला.

विद्वानांनीही या प्रश्नात हात घातला आहे. अमेरिकेतल्या एम.आय.टी. या विख्यात संस्थेतल्या दोघा संशोधकांनी 2022 साली मूळ यादीतल्या 2,315 उत्तरांचा संगणकावर अगदी काटेकोर हिशेब केला. त्यांच्या निकालाप्रमाणे सर्वांत चांगला पहिला शब्द 'सॅलेट'. मध्ययुगात लढवय्ये डोक्यावर घालीत त्या शिरस्त्राणाच्या एका जातीचे हे नाव. तेथून सुरुवात करून पुढे एकही चूक केली नाही, तर सरासरी 3.421 डावांत कोडे सुटते. म्हणजे संगणकालाही साडेतीनच्या फार खाली येता येत नाही. चार डाव लागले म्हणून हळहळणाऱ्यांनी एवढे लक्षात ठेवावे.

पण या निकालातली खरी गंमत पुढेच आहे. हा 'सॅलेट' मूळ उत्तरांच्या यादीत नव्हताच! विचारायला तो चाले, उत्तर म्हणून येणे शक्य नव्हते. सर्वांत चांगला पहिला शब्द कोणता, तर जो हमखास चुकणारच आहे तो. हे वाचून मी दोन दिवस अस्वस्थ होतो.

आठ भाऊ

अस्वस्थ होण्याचे कारण असे, की मी आयुष्यभर उत्तर बरोबर यावे म्हणून धडपडत आलो. शाळेत, कचेरीत, घरी. चुकीचे उत्तर मुद्दाम द्यायचे ही कल्पनाच मला सहन होत नसे. आणि या कोड्यात माझा घात नेमका तिथे होई.

एक उदाहरण देतो. कागद-पेन्सिल घेऊन ताडून पाहा. दुसऱ्या डावालाच तुम्हाला शेवटची चार घरे हिरवी मिळाली: आय, जी, एच, टी. फक्त पहिले अक्षर हवे. वा! आता काय, हातात आलेच की! पण थांबा. 'फाइट', 'लाइट', 'माइट', 'नाइट', 'राइट', 'साइट', 'टाइट' हे सात सख्खे भाऊ. आणि उच्चाराने परका, पण स्पेलिंगने त्याच घरातला 'एट', म्हणजे आठ हा आकडा. रोजच्या वापरातले असे आठ शब्द. तुमच्याकडे डाव उरले चार. माझ्यासारखा माणूस एकेक भाऊ विचारीत सुटतो. चार डावांत चार भाऊ होतात, चार उरतात. जिंकण्याची शक्यता अगदी नाणेफेकीइतकी!

आता आमच्या मंडळींची रीत पाहा. तिसऱ्या डावाला ती 'टर्म्स' हा शब्द घालील: टी, ई, आर, एम, एस. हिरवी मिळालेली घरे तिने खुशाल मोडली. हा शब्द उत्तर असणे शक्य नाही, हे तिला पक्के माहीत आहे. पण रंग काय सांगतील? 'ई' पिवळा झाला तर 'एट'. 'आर' पिवळा तर 'राइट'. 'एम' पिवळा तर 'माइट'. 'एस' पिवळा तर 'साइट'. पहिला 'टी' हिरवा झाला तर 'टाइट'. यांपैकी काहीच झाले नाही तर उरले 'फाइट', 'लाइट' आणि 'नाइट', आणि डाव आहेत तीन. एक डाव जाणूनबुजून वाया घालवला आणि जिंकणे निश्चित झाले!

या खेळात एक 'कठीण' प्रकारही ठेवला आहे. त्यात मिळालेली हिरवी-पिवळी अक्षरे पुढच्या शब्दात वापरावीच लागतात, म्हणजे मुद्दाम चुकायला बंदी. आठ भावांच्या फेऱ्यात सापडले की तिथे सुटका केवळ नशिबाने. माझा स्वभाव मुळातच कठीण प्रकारचा असल्यामुळे मला ते बटण दाबण्याची कधी गरज पडली नाही.

'चांगला प्रश्न तो, ज्याचे उत्तर काहीही आले तरी शक्यतांचे बारीक तुकडे पडतात' हे तत्त्व जुने आहे. क्लॉड शॅनन या अमेरिकन गणितज्ञाने 1948 साली माहिती मोजण्याचे शास्त्र मांडले, त्याच्या मुळाशी हाच विचार आहे. पुढे सत्तरीत रंगीत खुंट्यांचा 'मास्टरमाइंड' नावाचा खेळ निघाला. चार जागा, सहा रंग, 1,296 शक्यता. डोनाल्ड नूथ या संगणकशास्त्रज्ञाने 1977 साली दाखवून दिले, की नीट विचारले तर पाच डावांत तो सुटलाच पाहिजे. आपला वर्डल त्याचाच भाचा. पाच घरांना तीन रंग म्हणजे हिशेबाने 243 तऱ्हा. त्यांतल्या पाच अशक्य. चार घरे हिरवी आणि पाचवे पिवळे कसे होईल? त्या बिचाऱ्या अक्षराला जायला दुसरी जागाच उरत नाही! म्हणजे एका प्रश्नाला 238 प्रकारची उत्तरे येऊ शकतात. वकिलाला असा साक्षीदार मिळाला तर तो त्याच्या पाया पडेल.

त्राग्याचे प्रसंग

इतके शास्त्र असूनही त्रागा काही चुकत नाही. पहिला त्रागा स्पेलिंगचा. 'फेव्हर' आणि 'ह्यूमर' या शब्दांत 'यू' घातला नाही म्हणून आमच्या पिढीने मास्तरांच्या छड्या खाल्ल्या आहेत. 12 जानेवारी 2022 ला 'फेव्हर' आणि 9 फेब्रुवारीला 'ह्यूमर' हे दोन्ही शब्द 'यू' गाळून, अमेरिकन थाटात उत्तर म्हणून आले. इंग्लंडात मोठी ओरड झाली. आम्हीही येथे हात चोळले. छड्या फुकट गेल्या!

5 मे 2022 ला 'होमर' आला. बेसबॉलमधल्या एका फटक्याचे हे बोलीतले नाव. आम्हाला होमर म्हटला की तो ग्रीक महाकवीच आठवायचा. ज्यांना अर्थ माहीत नव्हता ते इतक्या संख्येने शब्दकोशाकडे धावले, की केंब्रिजच्या इंग्रजी कोशाने 2022 चा 'वर्षाचा शब्द' म्हणून त्याचीच निवड केली.

दुसरा त्रागा जुळ्या अक्षरांचा. एखादे अक्षर हिरवे मिळाले, की ते पुन्हा येईल असे मनात येत नाही. 'व्हिव्हिड' या शब्दात दोन 'व्ही' आणि दोन 'आय'. 'ममी'त तर तीन 'एम'. मोकळ्या घरांसाठी आपण नवी नवी अक्षरे धुंडाळीत बसतो आणि उत्तर हातातल्या अक्षरांतच असते. चष्मा कपाळावर चढवून घरभर चष्मा शोधावा, त्यातली ही गत.

तिसरा त्रागा माळेचा. सलग किती दिवस कोडे सुटले याचा आकडा खेळ आपल्याला रोज दाखवतो. आमच्याकडे त्याला माळ म्हणतात. माझी माळ 211 मण्यांची झाली होती. 16 सप्टेंबर 2022 उजाडला. तिसऱ्या डावाअखेर माझ्याकडे 'ए', 'ई' आणि शेवटचा 'आर' हिरवे होते. 'पेपर' घातला, 'पेयर' घातला, 'पेजर' घातला. 'पी'ही हिरवा होता, आणखी काय पाहिजे? सहा डाव संपले. उत्तर होते 'पेअरर', म्हणजे साल काढणारा! पुन्हा तोच 'आर'. जगभर त्या दिवशी हजारो माळा तुटल्याचे नंतर वाचले, पण त्याने समाधान होत नाही.

आमच्या मंडळींचा शब्द सहाव्या डावाला आला होता. मधला एक डाव तिने नेहमीप्रमाणे मोडून वेगळीच अक्षरे विचारली होती. "तुला असला शब्द सुचला तरी कसा?" मी विचारले.

"सुचला कुठे? उरला," ती म्हणाली.

मी दोन दिवस मोबाइलला हात लावला नाही. 211 दिवसांच्या जाण्याचे इतके दुःख व्हावे! पैशाचा यात काही संबंध नाही, बक्षीस नाही, प्रवेशमूल्य नाही. या ठिकाणी जुन्या वाचकांना एक गोष्ट आठवेल. स्वातंत्र्यानंतरच्या वर्षांत आपल्याकडे बक्षिसांच्या शब्दकोड्यांचे वेड पसरले होते. 'आशा' की 'भाषा', दोन्ही शब्द बसत. कोणता बरोबर ते चालक ठरवणार. लोक घरखर्चाचे पैसे काढून कुपने भरीत. अखेर 1955 साली केंद्र सरकारने कायदा करून अशा स्पर्धांच्या बक्षिसांवर महिन्याला 1,000 रुपयांची मर्यादा घातली, आणि 1957 साली सर्वोच्च न्यायालयाने निवाडा दिला, की जुगाराच्या स्वरूपाच्या अशा स्पर्धांना व्यापारस्वातंत्र्याचे संरक्षण नाही. तिथे शब्दाचे निमित्त होते, लालसा पैशाची होती. वर्डलमध्ये हरणाऱ्याचे काय जाते? काहीच नाही. मग वाईट का वाटते? या प्रश्नाचे उत्तर मला वर्तमानपत्रातून मिळाले नाही. ते घरातच मिळाले.

ताईचे चौकोन

माझी थोरली बहीण न्यू जर्सीला मुलाकडे राहते. सांगलीच्या एका शाळेत तिने तीस वर्षे इंग्रजी शिकवले. वय 78. खेळ आम्हाला तिनेच लावला. कोडे सुटले, की शब्द उघड न करता नुसत्या रंगांचे चौकोन दुसऱ्याला पाठवता येतात, ही या खेळातली फार सोयीची गोष्ट. आमच्याकडे दिवस आधी उजाडतो, म्हणून आम्ही सकाळी सोडवतो. ती तिच्या सकाळी सोडवते, तेव्हा आमच्याकडे दिवेलागण झालेली असते. रोज त्या सुमाराला तिचे चौकोन यायचे. बहुधा तीन ओळी, कधी चार. खाली शेरा: "अरे, तुला पाच लागले? अभ्यास कर."

शिकागोजवळच्या एका 80 वर्षांच्या आजीबाईंची बातमी मी 2022 च्या फेब्रुवारीत वाचली होती. रात्री घरात शिरलेल्या एका माणसाने त्यांना कित्येक तास कोंडून ठेवले. रोजचा वर्डलचा निकाल आईकडून आला नाही, म्हणून दूर राहणाऱ्या मुलीच्या मनात पाल चुकचुकली; पोलीस आले आणि बाई सुखरूप सुटल्या. बातमी वाचून मी ताईला गमतीने म्हटले होते, "बघ हं, तुझे चौकोन आले नाहीत तर मी पोलीस पाठवीन."

गेल्या मार्गशीर्षात एका संध्याकाळी चौकोन आले नाहीत. सहा वाजले, साडेसहा झाले. "झोपली असेल. थंडीचे दिवस आहेत," मी म्हणालो. आमचे कुटुंब काही बोलले नाही. तिने सरळ भाच्याला फोन लावला. तो कामावर निघायच्या गडबडीत होता. आईला आज उशिरापर्यंत झोपू द्यावे म्हणून तो तिच्या खोलीत गेलाच नव्हता. तो गेला. ताई पलंगाच्या कडेला बसली होती. उजवा हात उचलत नव्हता आणि तोंडातून शब्द येत नव्हते.

अर्धांगाचा झटका सौम्य होता. लवकर कळले हे बरे झाले, असे डॉक्टर म्हणाले. हात हळूहळू सुधारला. शब्द मात्र हट्टाला पेटले होते. समोरची वस्तू काय आहे ते तिला कळे, तिचे नाव ओठांवर येत नसे. पेल्याला ती "ते पाण्याचं" म्हणे. जिने तीस वर्षे मुलांचे शब्द सुधारले, तिला पेला हा शब्द सापडू नये! वाचा-उपचार करणाऱ्या बाई आठवड्यातून तीनदा येत. त्यांचे श्रेय त्यांना. कोड्याने ताई बरी झाली, असला दावा मी करणार नाही.

पाच आठवड्यांनी एका संध्याकाळी भाच्याने व्हिडिओ फोन लावला. "आईला वर्डल खेळायचाय. तुम्ही दोघं समोर बसा म्हणते." आम्ही बसलो. ताई डाव्या हाताने एकेक अक्षर दाबीत होती. पहिल्या शब्दाला दहा मिनिटे लागली. सगळी घरे करडी. दुसऱ्यात एक पिवळे. मला त्या दिवशीचा शब्द सकाळपासून माहीत होता. तिसऱ्या डावाला तिने एकच शब्द पुन्हा घालायचा घाट घातला आणि तिचे डोळे भरून आले. माझ्याने राहवेना. मी पुढे वाकून तोंड उघडले. तेवढ्यात पत्नीने माझा हात दाबला आणि हळूच म्हणाली, "थांबा. चुकू द्या त्यांना. उत्तर तुम्ही दिलंत तर त्यांच्याजवळ काय राहील?"

मी गप्प बसलो. माझ्या आयुष्यातली ती सर्वांत लांब पाऊण घटका असेल. सहाव्या डावाला ताईला दोन हिरवी घरे मिळाली आणि कोडे फसले. तिने बराच वेळ पडद्याकडे पाहिले. मग आमच्याकडे पाहून स्पष्ट म्हणाली, "हरले."

हा शब्द तिने कोणी न सुचवता उच्चारला होता. रात्री तिचे चौकोन आले. सहा ओळी, बहुतेक करड्या, मध्ये एखादा पिवळा ठिपका, शेवटी दोन हिरवे. इतके वाईट चौकोन मी कधी पाहिले नव्हते. ते मी अजून जपून ठेवले आहेत.

तेव्हापासून माझ्या खेळात फरक पडला आहे. मीही आता मधला डाव मोडायला शिकलो. आठ भाऊ समोर आले, की 'टर्म्स' घालतो. करडी घरे पाहून पूर्वीइतका जीव जळत नाही. एक करडे अक्षर म्हणजे उत्तराच्या दिशेने एक पाऊल, हे पटले आहे. अर्थात पटणे वेगळे आणि अंगी मुरणे वेगळे! आज सकाळीच घाई केली आणि सहाही डाव फसले. 140 मण्यांची नवी माळ गेली. चहाही उतू गेला, तो कोणामुळे यावर मतभेद आहेत.

संध्याकाळी ताईचे चौकोन आले. चार ओळी, चौथी सगळी हिरवी. खाली शेरा होता: "अरे, सोपा होता की! अभ्यास कर."